लागोपाठ अकरा एकादश्या

पोस्टकार्ड आलं तेव्हा माझी दाढी अर्धी झाली होती. डावा गाल साफ, उजव्यावर साबण. चष्मा सापडेना म्हणून सत्यभामानं, माझ्या मुलीनं, दारातच उभं राहून ते वाचायला घेतलं. अकोल्याहून गोवर्धननं लिहिलं होतं. गोवर्धन म्हणजे पार्बताबाईचा एकुलता एक मुलगा. या बाईचा बार्शीटाकळीला मळा आहे, संत्र्याची झाडं आहेत, आणि अकोल्याच्या बाजारात ती तीस वर्षं भाजी विकते. मुलगा मॅट्रिक झालेला, अक्षर छापल्यासारखं. ‘ती. खुशालराव काकाजी यांस,’ सत्यभामा वाचत होती, ‘बुधवारच्या मेलनं मुंबईस निघत आहे. तिथून जपानची बोट. काचेच्या कारखान्यात चैत्रापासून घेणार आहेत, घेतल्यावर जेवणखाण त्यांचंच आहे. परंतु आपण नेहमी सांगत आलात की, बुद्धाच्या मुलखातल्या माणसाला तिथे खाणं फुकट. तेव्हा तीन महिने आधी जाऊन भाषा शिकावी असा विचार केला. बोटीच्या भाड्यापुरती सोय आहे. संत्र्याचा बहार उतरेपर्यंत थांब असं आई म्हणाली होती, पण आपल्या शब्दाच्या भरवशावर थांबलो नाही. आशीर्वाद असावा.’ सत्यभामानं कार्ड उलटं करून पाहिलं, मागे आणखी काही असेल म्हणून. मागे फक्त माझा पत्ता होता, अमरावतीचा, आणि वारलेल्या बादशहाचं तिकीट.

“बाबा, हे काय लिहून राहिला थो? तुमी खरंच असं सांगतलं त्याले?”

“मी लय काही सांगतलं.”

“पण खाणं फुकट म्हणून?”

मी वस्तरा वाटीत ठेवला. साबण गालावर वाळून कातडी ओढू लागला होता आणि त्या ओढण्याकडे माझं सगळं लक्ष होतं, जणू जगात तेवढंच काय ते चाललंय. मग तोंड पुसलं, कोट चढवला, उपरणं घेतलं, आणि माझ्या पत्र्याच्या पेटीत तळाशी हात घालून एक लहानशी गोष्ट काढून मुठीत धरली. सत्यभामा बघत होती. “कुठं निघाले? अर्ध्या दाढीनं? ताप उतरून चार दिवस नाई झाले तुमचा.” मी म्हटलं, अकोल्याले. “कावून?” याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, आणि मला उत्तर देता येत नाही हे तिनं उभ्या जन्मात पहिल्यांदा पाहिलं असावं, कारण ती बाजूला झाली.

अमरावतीहून बडनेऱ्याला जाणारी गाडी इतकी सावकाश जाते की उतरून चालावं आणि पुढे जाऊन तिची वाट बघावी. मी एकदा तसं केलं आहे, असं मी लोकांना सांगत आलो. तसं केलेलं नाही. सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात मी काय केलं आणि काय केल्याचं सांगितलं, यांच्या मधला बांध कुठं घालायचा ते आता मलाच नीट आठवत नाही. लोकांना वाटतं थापा मारणारा माणूस मजेत असतो. असतो, चाळिशीपर्यंत. पुढं सांभाळणं येतं. अकोल्याच्या खेपेत देवीदास शिंप्याच्या ओट्यावर काय सांगितलं, व्याह्यांकडे काय सांगितलं, कुठल्या गोष्टीत उंट होता आणि कुठल्या गोष्टीत तो मेला होता, हे सगळं अंगावर वागवत फिरावं लागतं. रात्री झोपताना कोट काढता येतो, हे काढता येत नाही. आणि यंदा तर एकाच सालात आपले तीन बादशहा झाले, एक वारला, एकानं बायकोपायी गादी सोडली, तिसरा बसला. वर्तमानपत्रातच असं येऊ लागल्यावर माझ्यासारख्याला वाव तो काय उरतो? मी थकलो होतो. त्या डब्यात, लाकडी बाकावर, पौषातल्या उन्हात, मला वाटलं की गाडीनं अशीच जात राहावं आणि अकोला कधी येऊ नये.

बडनेऱ्याला गाडी बदलली. फलाटावर कापसाच्या गाठी रचलेल्या, त्यांना तो वास येत होता, सरकीचा आणि तागाच्या पोत्याचा आणि धुळीचा. माझी बोटं आपोआप एका फाटक्या गाठीत गेली, चिमूटभर कापूस उपटला. दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, अर्धा टाकायचा, पुन्हा ओढायचा, म्हणजे तार किती लांब आहे ते कळतं. पस्तीस वर्षं मी याच कामाची भाकर खाल्ली. अमरावतीच्या एका शेठजींच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मी पारखी होतो. डोळे मिटून सांगायचो, हा दर्यापूरचा, हा मूर्तिजापूरचा, याच्यावर दोन दिवसांपूर्वी पाणी मारलंय. कापसाच्या बाबतीत मी कधी खोटं बोललो नाही. तिथं बोलायची सोयच नव्हती, तार समोर असायची. आणि भाव तर बोलायचाच नसे. दलालानं हात पुढं करायचा, त्यावर उपरणं टाकायचं, त्याखाली मी त्याची बोटं दाबायची. कोणतं बोट, किती वेळा, कुठल्या पेरावर. वर लोक पानसुपारीच्या गप्पा ऐकत राहायचे आणि खाली हजारोंचा सौदा व्हायचा. दोन मुकी माणसं बाजार चालवू शकतील अशी ती भाषा. मला वाटायचं, ही भाषा जगात सगळीकडे कळत असणार. बोटं सगळ्यांनाच असतात.

या पारखीपणापायीच मी जपानला गेलो, बारा वर्षांपूर्वी. शेठजींच्या गाठी कोबे बंदरात पोचल्या आणि तिथल्या घेणाऱ्यांनी तक्रार केली, आखूड तारेचा माल मिसळलाय म्हणून. शेठजी स्वतः जाणार नव्हते, समुद्र लागतो म्हणाले, मला पाठवलं. चार दिवसांत निकाल लागला. मी गाठी फोडल्या, तार काढून दाखवली, त्यांच्या पारख्यानंही काढली. तोही माझ्याच वयाचा, त्याच्याही अंगठ्याला तसाच घट्टा, आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवली आणि काम संपलं. परतीचं तिकीट मात्र शेठजींनी स्वस्तातल्या बोटीचं आधीच काढलेलं, आणि ती बोट चाळीस दिवसांनी सुटणार होती. तार केली, उत्तर आलं, तिथंच थांबा. जवळचे पैसे आठ-दहा दिवस पुरतील एवढे. आता तिथं आपल्याकडचे व्यापारी होते, सिंधी, गुजराती. त्यांच्या पेढीवर मुलखातल्या माणसाला वरच्या मजल्यावर झोपायला जागा मिळे आणि खाली त्यांच्या पंगतीत खिचडी. भली माणसं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, माझी चार जिनं आहेत.

का म्हटलं? आजही गाडीत बसून मी मलाच विचारत होतो. कुणी मागितलं नव्हतं. समोरच्या माणसाची टोपी मखमली होती आणि माझी नव्हती, एवढंच कारण मला आठवतं. ते हसून म्हणाले, मग आमची खिचडी तुमच्या घशाखाली कशाला उतरेल शेठ! आणि मी म्हटलं, नाही, मी बाहेर हॉटेलातच जेवतो. झालं. चाळीस दिवस ते कुलूप माझ्या तोंडाला लागलं. रोज अकराच्या सुमारास आणि रोज संध्याकाळी मी छत्री घेऊन, केस चोपून बाहेर पडायचो, जेवायला निघाल्यासारखा. जिन्याखालून फोडणीचा वास यायचा. कुणीतरी म्हणायचं, शेठ आज कुठं? मी काहीतरी नाव सांगायचो. मग दीड-दोन तास घालवायचे. परमुलखात, खिशाला हात न लावता, दिवसातून दोनदा दोन तास घालवून बघा.

कुरुम गेलं, माना गेलं. शेतात वेचणी संपत आली होती, काड्या उभ्या होत्या. मी डोळे मिटले. मिटले की ते शहर येतं, आणि गंमत अशी की जे मी लोकांना सांगत आलो त्यातलं काहीच येत नाही. राजाचा काका येत नाही, सोन्याची ताटं येत नाहीत. येतं ते पाच मजली दुकान. दारात जोडे काढून द्यायचे, लाकडी बिल्ला घ्यायचा, आणि आत सतरंजीवरून अनवाणी हिंडायचं, कुणी विचारत नाही काय घेणार. तिसऱ्या मजल्यावर एका कोपऱ्यात फुकट चहा, रंग गेलेल्या पाण्यासारखा, चिमुकल्या पेल्यात. मी दोन प्यायचो, तिसरा कधी नाही; तिसऱ्याला तिथली पोरगी वर बघेल अशी भीती. आणि सगळ्यांत वर गच्ची. गच्चीवर बाग, लहानसं देऊळ, माशांचं टाकं आणि पिंजऱ्यात एक माकड. त्या माकडाच्या डाव्या कानाला चीर होती. त्या गच्चीवरून समुद्र दिसे, डोंगर दिसे, आणि मी त्या बाकावर इतके दिवस बसलो की माकडानं माझ्याकडे बघणं सोडून दिलं. मला ते फार बरं वाटे. अकोल्यात, अमरावतीत मी जिथं जाईन तिथं लोक म्हणत, खुशालराव, काही सांगा. तिथं मला कुणी काही विचारत नव्हतं. माझ्या आयुष्यात मी सलग इतका गप्प कधीच नव्हतो. भूक लागलेली असायची, पण त्या गप्प राहण्याची एक चव होती, ती मला पुन्हा कुठं मिळाली नाही.

दुपारी डोंगराच्या अंगाला धबधबा होता तिथं जायचं. नाहीतर धक्क्यावर. तिथं बोट सुटताना लोक एक करतात: वरचा माणूस कागदाच्या रंगीत फितीचं भेंडोळं खाली फेकतो, खालचा माणूस टोक झेलतो, आणि बोट हलली की फीत उलगडत जाते, ताणते आणि तुटते. शेकडो फिती, लाल, पिवळ्या, निळ्या. एकदा एक टोक माझ्या पायाशी पडलं. कुणाचं होतं कोण जाणे, ज्याच्यासाठी फेकलं त्यानं झेललं नव्हतं. मी उचललं. वर कठड्याशी एक म्हातारा होता, त्यानं मला पाहिलं, मी तो नव्हे हे त्याला दिसलं असणारच, तरी त्यानं फीत सोडली नाही. आम्ही दोघांनी ती धरून ठेवली. बोट दूर गेली, कागद माझ्या बोटात थरथरला, तार तुटते तसा मधोमध तुटला. पस्तीस वर्षं मी कापसाची तार तोडत आलो, पण त्या दिवशी मला रडू आलं. पुढं जेव्हा जेव्हा बोट सुटायची तेव्हा मी तिथं हजर असायचो, कुणाची तरी सुटी फीत मिळेल म्हणून. फुकटच होतं.

आणि मग रताळं. ते आठवलं तेव्हा गाडी काटेपूर्णा नदीच्या पुलावर होती. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, गेलेल्या बायकोलाही नाही. मी गाडीत बसल्या बसल्या एक नवी गोष्ट जुळवू लागलो, गोवर्धनला सांगायला. म्हणायचं, बाबा रे, तिथलाही बादशहा बदलला, नव्या बादशहानं फर्मान काढलं की परमुलखाच्या माणसाला जेवू घालायचं नाही, मला एका जहाजाच्या कप्तानाचं पत्र आलंय. चांगली होती गोष्ट. कप्तानाला एकच डोळा होता. पोरगा थांबेल, माझं खोटंही शाबूत राहील, नव्या खोट्यानं जुनं फिटेल. बोरगाव येईपर्यंत मी ती पक्की केली, एकदोन ठिकाणी टाके घातले. आणि इतकं करूनही माझा हात कोटाच्या खिशात होता आणि मुठीत ती पेटीतली गोष्ट घामेजून गेली होती.

अकोल्याला उतरलो तेव्हा दुपार व्हायला आली होती. पार्बताबाई नेहमीच्या जागी बसली होती, देवीदासच्या दुकानासमोर, वांग्यांचे ढीग, पालकाच्या जुड्या, आणि पुढ्यात, माझं नशीब बघा, रताळी. देवीदासचं दुकान बंद होतं, कुठंतरी लग्नाला गेला होता. एका अर्थी बरंच झालं. गोवर्धन तिच्या मागे नव्या ट्रंकेवर बसून वही वाचत होता. सडसडीत, डोळ्यांखाली जागरण, आईसारखी रुंद हनुवटी. मला पाहून ताडकन उठला, पाया पडला. पार्बताबाईनं मला खालून वर पाहिलं.

“बाप्पा! काकाजी, हे काय थोबाड? अर्ध्या गालाचा न्हावी मेला काय?”

“घाईत निघालो, बाई.”

“घाई कायची? गाडी परवा हाय त्याची. या, बसा इथं पोत्यावर. पोट्टा दोन दिवसांपासून तुमचंच नाव घेऊन राहिला.” मग गिऱ्हाइकाच्या पदरात वांगी टाकता टाकता म्हणाली, “मले तर बाई झोप नाई. पण खाण्याची काळजी नाई, खरं सांगतो. तुमी होते म्हणून. नाईतर मी याले हलू देलं नसतं.”

ती ‘खरं सांगतो’ म्हणाली आणि माझा तो एकडोळ्या कप्तान मलाच नकोसा झाला. तरी मी सुरुवात केली. सवय म्हणजे काय असते ते मला तेव्हा कळलं. मन नको म्हणत होतं आणि जीभ आपली वाट धरून चालली होती. “गोवर्धन, बाबू, तिथं आता पहिल्यासारखं राहिलं नाही. मला एका कप्तानाचं पत्र आलंय…”

गोवर्धननं वही मिटली. “काकाजी, माफ करा. एक सांगू?”

“सांग.”

“मी ह्या ओट्यावर पाच-सहा वर्षं तुमची जपानची गोष्ट ऐकली. वीस-बावीस डाव तरी. मले मालूम हाय तुमी… म्हंजे, थोडं वाढवून सांगता.”

“थोडं?” पार्बताबाई म्हणाली. “याईच्या गोष्टीत याईचं नाव तेवढं खरं.”

“माय, थांब न. काकाजी, तुमीच शिकवलं होतं मले, कापूस कसा पाह्यचा. ओढत जायचं, तुटते थे टाकून द्यायचं, उरते थे खरं. मी तसंच केलं.” त्यानं वही उघडून माझ्यापुढे धरली. चष्मा माझ्याजवळ नव्हता, त्यानंच वाचलं. “गच्चीवरचं माकड. डाव्या कानाले चीर. एकाही डावात उजवा कान नाई झाला. जोड्याचा लाकडी बिल्ला. चहा, दोन पेले, तिसरा नाई. डोंगरातलं पाणी. धक्क्यावरच्या कागदाच्या फिती. हे सारं दर डावाले तसंच. हत्ती बदलले, राजे बदलले, हे नाई बदललं. म्हंजे हे खरं. अन् हे सारं फुकट. बरोबर?”

माझ्याकडे बघत बघत कुणीतरी माझा कोट उतरवून ठेवावा तसं मला वाटत होतं, आणि थंडी वाजत होती, आणि त्यात बरंही वाटत होतं.

“आता जेवण,” गोवर्धन म्हणाला. “जेवू घालणारा दर डावाले बदलला. कधी राजाचा काका, कधी रेशमाचा शेठ, कधी मठाचा महाराज. म्हंजे थे खोटं. पण जेवण फुकट होतं, कुणीतरी परका माणूस देत होता, हे कधीच नाई बदललं. म्हणून मी थे खरं धरलं. मायले तसंच सांगतलं. चुकलं काय?”

त्यानं अगदी साधेपणानं विचारलं. पारखी होईल असा पोरगा. आणि मला दिसलं की त्याची काहीच चूक नव्हती. त्यानं तार बरोबर काढली होती. खाणं फुकट होतं. परक्या माणसानं दिलं होतं. या एका धाग्यावर तो तीन महिने त्या थंडीत काढायला निघाला होता, त्या धक्क्यावर, त्या गच्चीवर, त्या माकडासमोर.

“पार्बताबाई,” मी म्हटलं, “तुमीबी ऐका.”

मी खांद्यावरचं उपरणं काढलं. उजवा हात पुढं केला, तळवा वर, आणि त्यावर उपरणं टाकलं, बाजारात टाकतात तसं. डावी मूठ मांडीवर, बंद. “हे काय?” पार्बताबाई म्हणाली. “सौदा करता काय पोट्ट्याशी?”

“एकोणतीस दिवस मी माझ्या पैशानं अर्धपोटी काढले,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना, गोष्ट सांगताना लागतो तो सूर त्यात नव्हता. “अकरा दिवस राहिले होते. जवळ एक नाणं होतं. डोंगराखाली एक म्हातारी मडक्यात रताळी भाजून विकायची. मला तिची भाषा येत नव्हती. मी म्हटलं, भाव बोटांनी विचारू. हात असा पुढं केला, वर उपरणं टाकलं. वाट पाहिली, ती बोटं दाबेल म्हणून. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग उपरण्याखाली हात घातला आणि माझ्या तळव्यावर एक रताळं ठेवलं. गरम. आणि माझी बोटं त्याच्यावर मिटून दिली, लहान पोराची मिटतात तशी. तिला वाटलं, मागणारा आहे, लाज वाटते म्हणून हात झाकलाय.”

एक गिऱ्हाईक पालकाची जुडी उचलून उभं होतं, पार्बताबाईनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

“मंग तुमी पैसे देले असतील,” गोवर्धन म्हणाला.

मी डावी मूठ त्याच्यापुढे धरली. त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं माझी बोटं एकेक करून उघडली. नाणं होतं, काळं पडलेलं, बारा वर्षं पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं.

“त्या वेळी ते याच मुठीत होतं,” मी म्हटलं. “मूठ उघडली असती तर झालं असतं. उघडली नाही. मनात म्हटलं, आज एकादशी आहे, रताळं चालतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आता मला माहीत होतं ती काय समजते ते. तरी हात तसाच पुढं केला, उपरण्याखाली. अकरा दिवस. लागोपाठ अकरा एकादश्या केल्या मी. तिनं एकदाही विचारलं नाही, आणि मी एकदाही मूठ उघडली नाही. रोज एकच रताळं, गोवर्धन. तेवढ्यावर माणूस जगतो, पण नीट चालता येत नाही. धबधब्याला जाणं मी पाचव्या दिवशी सोडलं. हे तुझं फुकट जेवण.”

उजवा हात अजून पुढंच होता, उपरण्याखाली. मागे घ्यायचं मला सुचलं नाही. थकवा इतका होता की तो हात माझा नाहीच, कुणीतरी विकायला ठेवलाय, असं वाटत होतं. पार्बताबाई शिव्या देईल अशी मी वाट बघत होतो. तिचा तो हक्कच होता.

“म्हातारी जिवंत असंल काय?” तिनं विचारलं.

“कोण जाणे. तेव्हाच सत्तरीची होती.”

“नाव?”

“विचारलं नाही.”

“अकरा दिवस खाल्लं अन् नाव नाई विचारलं?”

“नाही.”

“तुमाले ना काकाजी,” ती म्हणाली आणि पालकावर पाणी शिंपडू लागली. गोवर्धन ते नाणं उन्हात धरून बघत होता. “माय,” तो म्हणाला, “मी कसंबी काढीन न तीन महिने. गच्ची हाय, चहा हाय. एक डाव खाईन. जायचं ठरलं, पत्र धाडलं, लोकायले सांगून बसलो…” आणि त्या ‘लोकायले सांगून बसलो’ मध्ये मला माझी चार जिनं ऐकू आली, इतकी स्पष्ट की मी डोळे मिटून घेतले.

मी काही बोलणार होतो. बोलायची गरज पडली नाही. उपरण्याखाली काहीतरी हललं. पार्बताबाईचा हात होता, मातीनं खरखरीत, पाण्यानं गार. बाईमाणसानं रुमालाखाली हात घातल्याचं मी आमच्या बाजारात कधी पाहिलं नव्हतं. ती खूण तिला येते हेसुद्धा मला माहीत नव्हतं. पण तीस वर्षं माणूस बाजारात बसला की काय काय बघून ठेवतो. वर ती पोराकडे बघत होती, चेहरा दगडासारखा. खाली तिनं माझी तीन बोटं धरून दाबली. एकदा. मग पुन्हा, जोरात.

तीन. तीन महिने. बहार उतरल्याशिवाय नाही.

“काय चाललं दोघायचं?” गोवर्धन म्हणाला. “काय म्हणते माय?”

अकरा दिवस ती म्हातारी ज्या हातावर रताळं ठेवत होती, तोच हात. त्या हातानं तिला काहीच उत्तर दिलं नव्हतं. मी पार्बताबाईची तीन बोटं उलट दाबली. बाजारात त्याचा अर्थ सौदा पटला असा होतो.

“तुझी माय म्हणते,” मी सांगितलं, आणि त्यात पदरचं काही घातलं नाही, “संत्री उतरवायला माणूस कमी आहे.”